रुखवतातला बैल

पेरणीआधी भाताच्या वाफ्यांवर पालापाचोळा जाळून राब भाजायला लागले की डोंगरउतारावरून धूर खाली येतो आणि दुपारभर अंगणात बसून राहतो. त्याच दिवसांत करवंदं काळी पडायला लागतात आणि आमच्या आटगावच्या रस्त्यावर रोज एखादा तरी लग्नाचा टेम्पो दिसतो. कपाट, पलंग, गाद्या, आणि त्या गाद्यांवर बसलेल्या कुणाच्या तरी मांडीवर पुठ्ठ्याच्या खोक्यात जपून धरलेलं रुखवत. लोकांना उन्हाळा घामोळ्यांवरून कळतो, मला त्या खोक्यावरून कळतो. खोकं दिसलं की माझी नजर खाली जाते. आई जाऊन इतकी वर्षं झाली, तरी जाते.

आमच्याकडे रुखवत मांडलं नाही तर लग्न लागतं, पण लागल्यासारखं वाटत नाही. मांडवाच्या एका कडेला टेबलं जोडायची, वर ठेवणीतली साडी अंथरायची आणि नवरीनं माहेरी बसून जे जे केलं ते ओळीनं मांडायचं. सुपारीचे नवरा-नवरी, कापसाचे ससे, काड्यांची घरं, टिकल्या लावलेला नारळ. मुलाकडच्या बायका येतात, वाकून बघतात आणि विचारतात, "कुनी केलं गो?" मुलीकडच्या सगळ्या एका सुरात सांगतात, "नवरीनं." हा रिवाजच आहे. त्यात खोटं बोलल्यासारखं कुणाला वाटत नाही, कारण उद्या आपल्या घरीही हेच सांगायचं असतं.

माझं माहेर मुरबाडच्या पलीकडे, म्हसा गावाच्या अंगाला. नव्वदच्या त्या दहा वर्षांत आमच्या गावातल्या जेवढ्या मुली उजवल्या गेल्या, त्यातल्या बहुतेकींचं रुखवत माझ्या आईनं केलं. तिचं नाव यमुना, पण गावाला ती फक्त मंदाची, म्हणजे माझी, आई म्हणून माहीत होती. भात झोडून झालं, वाल काढून झाले की तिचा हंगाम सुरू व्हायचा. पडवीत खांबाला टेकून, एक पाय लांब करून ती बसायची. भोवती डालड्याचे जुने डबे. एकात चिंचोके, एकात गुंजा, एकात बाभळीचे पांढरे काटे, एकात फुटक्या बांगड्या, एकात गोळ्यांवरचे चमकीचे कागद. आम्ही गोळी खाल्ली की कागद तिच्याकडे जमा करायचा, गोळी हरवली तरी चालेल. भाताच्या लोंब्यांचं तोरण तर ती असं विणायची की चिमणी येऊन बसली तरी एक दाणा पडू नये. बाबा म्हणायचे, "भंगारवाला आपल्या दाराशी येतच नाय. तुझी आई त्याला उपाशी मारील."

तिची खरी मजा लग्नाच्या दिवशी असायची. ठेवणीतलं लुगडं नेसून, मला बोटाला धरून ती रुखवताच्या टेबलाशी जाऊन उभी राहायची, पहिल्यांदाच बघत असल्यासारखी. मुलाकडच्या बायका काय बोलतात ते ऐकायची. कुणी फारच वाखाणलं की हिला राहवायचं नाही. मान तिरकी करून म्हणायची, "घर झ्याक हाय, पन दार जरा वाकडं नाय वाटत?" त्या बायका चवताळायच्या. "अवो, केलंय पोरीनं एवढं, तुमाला दारच दिसलं?" आई गुपचूप बाजूला व्हायची आणि पदराआड हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. मला तिचा राग यायचा. मी विचारायचे, तू सांगत का नाहीस की हे तू केलंस? ती म्हणायची, "माजं नाव घालून काय व्हयाचंय? माजं लगीन झालंय."

अशा बाईच्या पोटी मी जन्मले, आणि मी हातात सुई धरली की दोरा सुईच्या नाकासमोरून लाजून परत फिरतो. हाताला घाम येतो, डिंक बोटांना चिकटतो आणि कागदाला सोडून देतो. आईनं चार उन्हाळे प्रयत्न केले. पाचव्या उन्हाळ्यात तिनं मला डबे आणून देण्याच्या कामावर लावलं. मी वाईट मानून घेतलं नाही. घरात एकीचा हात चालतो, दुसरीनं डबे द्यावेत, इतकं ते सरळ होतं. शिवाय मी बारावी झाले होते, आणि तेव्हा मला वाटायचं की हाताचं काय, ते ज्याला दुसरं काही येत नाही त्यानं करावं. हे मी आईला कधी बोलून दाखवलं नाही, एवढीच त्यातली बरी गोष्ट.

माझं लग्न शहापूरकडे ठरलं, तेव्हा आईनं सगळा जीव ओतला. इतरांच्या मुलींसाठी राखून ठेवलेलं, शिकलेलं, मनात आलेलं सगळं तिनं माझ्या टेबलावर मांडलं. भातलावणी करणाऱ्या सात बाया होत्या, वीतभर उंचीच्या, वाकलेल्या, प्रत्येकीच्या डोक्यावर पळसाच्या पानाचं इरलं. त्यातल्या एकीनं कंबर धरली होती. फक्त एकीनं. ती बघून माझ्या सासूबाई, ज्यांना मी मामी म्हणते, टेबलापुढून हलेनात. त्यांनी विचारलं, "कुनी केलं?" आणि अख्खं माहेर म्हणालं, "मंदानं." मी मान खाली घालून बसले होते. नवरीला तेच शोभतं, म्हणून कुणाला काही कळलं नाही.

इथपर्यंत ते रिवाजाचं खोटं होतं. ते मांडवासोबत उतरायला हवं होतं. पण मामींनी सुताराकडून काचेचं कपाट करून घेतलं, बाहेरच्या खोलीत दारासमोर ठेवलं, आणि माझं रुखवत त्यात गेलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाण्याच्या तांब्याबरोबर कपाट दाखवायचं हा घरचा पाहुणचार झाला. माझी भाकरी कडेला फुटायची, लावणीत माझी ओळ सगळ्यांच्या मागे राहायची, बोलणंही मला जेमतेम. त्या घरात माझ्याकडे बोट दाखवून चांगलं म्हणावं अशी एकच गोष्ट होती आणि ती काचेमागे होती. मामी म्हणायच्या, "भाकरीचं काय घेऊन बसलाव, हात बघा पोरीचा." मी गप्प राहायचे. पहिल्यांदा गप्प राहिले ते अवघड गेलं. नंतर सवय झाली. आणि खरं सांगायचं तर पुढे पुढे मला ते आवडायला लागलं.

दोन उन्हाळ्यांनी नणंदेचं, संगीताचं लग्न ठरलं. मामींनी बैठकीतच सोयऱ्यांना सांगून टाकलं, "रुखवत आमची सून करनार." मी राब भाजायच्या दिवसांत माहेरी गेले, आईच्या गुडघ्यांचं निमित्त करून. तिचे गुडघे खरंच सुजले होते, हेही मला तिथे गेल्यावर कळलं. मी रडकुंडीला येऊन तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, एक पाय लांब केला आणि म्हणाली, "त्यो काट्यांचा डबा दे."

ते पंधरा-वीस दिवस मला नीट आठवतात. दुपारी पत्र्याच्या पन्हाळीवर कावळा येऊन चोच घासायचा. बाहेर धुराचा वास, आत डिंकाचा. आईला शेतातून खळ्यावर भारे नेणारी बैलगाडी करायची होती. चाकं बांगड्यांची, साटा, म्हणजे गाडीची बैठक, काड्यांचा, वर पेंढ्याचे बोटाएवढे भारे. बैलासाठी तारेचा सांगाडा, त्यावर चिंध्या, वरून मांजरपाटाचं जाडं कापड. शिंगांना बाभळीचे काटे, डोळ्यांना गुंजा. एक बैल तिनं केला. म्हशाच्या जत्रेत बाबांबरोबर बैल बघत हिंडलेली बाई ती, त्या बैलाचं वशिंडसुद्धा चालताना एका अंगाला कलतं तसं कललेलं होतं. मग उरलेली तार तिनं माझ्या पुढ्यात टाकली.

"दुसरा तू कर."

मी म्हटलं, "आई, वाट लागेल."

"लागू दे. समदंच्या समदं माज्या हातचं नको. तोंडानं खोटं बोलायला लागतंय तर टेबलावर एक तरी खरं असू दे."

मी तो बैल केला. तीन दिवस लागले. पुढचा उजवा पाय आखूड झाला, मान खाली लोंबली, आणि एक गुंज अशी लागली की बैल कायम आपल्या खुराकडे बघतोय असं वाटायचं. मी तो उसवायला घेतला, तर आईनं हातातून काढून घेतला. भाऱ्याचा भार एका बैलावर जास्त पडलाय असं दिसेल, ती म्हणाली, शेतकऱ्याच्या घरचं आहे, समजतील लोक. आणि तिनं त्याला आपल्या बैलाशेजारी जुंपला.

संगीताच्या लग्नाला आई आली. विहीण म्हणून आली, मानाची साडी नेसून आली, गुडघ्याला पट्टा बांधून. टेबलाशी गर्दी होती. मुलाकडच्या बायका एकेक वस्तू उचलून बघत होत्या, मामी मधोमध उभ्या राहून सांगत होत्या की पोरीनं वहिनीच्या हाताखाली बसून केलंय, वहिनीचा हात असा, वहिनीचा हात तसा. मी बाजूला ताठ उभी. तेवढ्यात एक ठेंगणी, गळाभर सोनं घातलेली बाई बैलगाडीपाशी थांबली. तिनं माझा बैल दोन बोटांनी उचलला. तो हातात घेतल्यावर जास्तच लंगडा दिसला. ती म्हणाली, "नि ह्यो कुनी केला? ह्याला जत्रंत कोन पायलीभर भात नाय देनार."

सगळ्या हसल्या. मामीसुद्धा हसल्या, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात नुसता प्रश्न होता, दुसरं काही नव्हतं. मला मात्र वाटलं की आता कपाटाची काच फुटणार. आई माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. मी म्हणाले, "तो आईनं केलाय. तिला हल्ली नीट दिसत नाही."

किती रुखवतं झाली होती तोवर. आईचं नाव कुठल्याही टेबलापुढे कुणी घेतलं नव्हतं. मी पहिल्यांदा घेतलं, आणि जे तिनं केलं नव्हतं नेमकं त्याच्यावर घेतलं.

आईनं एकदाच माझ्याकडे बघितलं. मग पदर सावरला आणि हसत पुढे झाली. "माजाच त्यो," ती म्हणाली, "हाताला आता जमत नाय, पन हौस जात नाय." बायका पुन्हा हसल्या. कुणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणालं, असू दे आजी, केलंत हेच खूप. त्या वेळी आई पन्नाशीचीही नव्हती.

सामान भरताना मामी म्हणाल्या, ह्यो लंगडा नको पाठवू, सासरी पोरीला हसतील. एका बैलाची गाडी खोक्यात गेली. आईनं माझा बैल रुमालात गुंडाळून आपल्या पिशवीत घातला आणि मुरबाडच्या यष्टीत बसली. खिडकीतून तिनं हात हलवला तो नेहमीसारखाच. मला वाटलं होतं ती काहीतरी बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. मला रागावून घ्यायची इतकी तयारी होती की तिच्या नेहमीसारख्या हात हलवण्यानं मी दिवसभर चिडचिड करत राहिले.

पुढे माहेरी गेले तेव्हा तो बैल देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर उभा होता. भिंतीला टेकवून, कारण एरवी पडायचा. शेजारची काकू आली होती, तिला आई सांगत होती, "ह्यो आमच्या मंदानं केलाय." पोळ्याला गोठ्यातल्या बैलांना ओवाळून झालं की ती त्यालाही हळदकुंकू लावायची, त्यामुळे त्याचं कपाळ कायमचं पिवळं होऊन गेलं होतं. एकदा धीर करून मी विषय काढला. म्हटलं, आई, तो बैल, त्या दिवशी मी... तिनं मला पुरं बोलू दिलं नाही. "बरा उभा राहतो की," ती म्हणाली, "भिंतीला टेकवला की." आणि मला वाल सोलायला बसवलं. मी सोलले. माफी राहून गेली आणि मला त्याचं हायसंही वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला त्या मांडवातल्या वाक्यापेक्षा जास्त लाज वाटते.

काही वर्षांनी एका पावसाळ्यात ती तापानं गेली. डबे फळीवर तसेच होते. गुंजांचा डबा उघडा राहिला होता आणि सगळ्या पडवीभर लाल दाणे पसरले होते. मी ते वेचत बसले. तेवढं एक काम मला तिनं शिकवलेलं जमत होतं.

यंदा माझ्या थोरल्या दिराच्या मुलीचं, दिपालीचं लग्न निघालं. संगीताच्या लग्नात मांडवात नाचणारी ही एवढीशी पोर. आता रुखवत शहापुरात तयार मिळतं, दुकानदार घरी आणून मांडून देतो. पण दिपाली काचेच्या कपाटाशी उभी राहून म्हणाली, "काकू, थोडं तरी तू कर ना. लावणीच्या बायांसारखं."

मामी खुर्चीत बसल्या होत्या. आता त्यांना कमी दिसतं. मी म्हणाले, "ते मी नाही केलेलं. आईनं केलंय. सगळं."

मामी ऐकून मायेनं हसल्या. "तुज्या आईनं? तिचा त्यो बैल इसरलीस काय गो? बिचारीला दोरा ववता येत नव्हता." मग दिपालीकडे वळून म्हणाल्या, "आई गेली की समद्यांच्या आया मोठ्या होतात बग. पोर गुनाची हाय, मेल्यावर आईला मोठेपन देतेय."

मी म्हणाले तो बैल माझा होता. त्यांना ते आणखीच गोड वाटलं. मी शपथ घेतली, तर म्हणाल्या, शपथ नको घेऊ, लग्नघर हाय. इतक्या वर्षांनी खरं बोलले, तर तेही माझ्याच पदरात चांगुलपणा म्हणून पडलं. आई होती तिथेच राहिली, दोरा ओवता न येणारी.

दुसऱ्या दिवशी मी माहेरी जाऊन भावाकडून बैल आणला. फळीवर धूळ होती, पण त्याचं कपाळ पिवळंच होतं. तार, चिंध्या आणि मांजरपाट घेऊन मी मामींच्या खुर्चीसमोर खाली बसले आणि दुसरा बैल करायला घेतला. मुद्दाम बिघडवायची काही गरज नव्हती. मी जीव लावून करत होते. हाताला घाम येत होता, डिंक बोटांना लागत होता, दिपाली काटे देत होती. मामी नुसत्या बघत होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी बैल झाला. पुढचा उजवा पाय आखूड. मान लोंबलेली. मी दोघांना शेजारी शेजारी त्यांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी एक उचलला, डोळ्यांजवळ नेला, चाचपला. मग दुसरा. दोन्ही आखूड पायांवरून अंगठा फिरवला. बाहेर राबाचा धूर होता, त्याचा खोकला येऊन गेला. शेवटी म्हणाल्या, "ह्ये दोनी एकाच गोठ्यातले." आणि मग, कपाटाकडे न बघता, "मी हसली गो विहीणबायना. तोंडावर हसली."

मला म्हणता आलं असतं की तुम्हाला कुठे माहीत होतं. पण मला तर माहीत होतं.

लग्नाच्या दिवशी दुकानदारानं चकचकीत रुखवत मांडलं. मधोमध दिपालीनं कपाटातल्या लावणीच्या सात बाया ठेवल्या आणि पुढे चिठ्ठी लावली, यमुनाआजीनं केलेलं. रिवाज मोडला म्हणून दोघी-तिघी कुजबुजल्या. मामी त्या टेबलाशी खुर्ची टाकून बसल्या आणि जो येईल त्याला सांगत राहिल्या, ह्या आमच्या विहीणबायनी केल्या. एका कडेला पुठ्ठ्याची गाडी होती. तिला माझे दोन्ही बैल जुंपले होते, एकाचं कपाळ पिवळं, एकाचं कोरं, दोघेही उजवीकडे कललेले. मी बाजूला उभी होते.

मुलाकडची एक बाई तिथे थांबली. हसू दाबत तिनं पिवळ्या कपाळाचा बैल उचलला आणि विचारलं, "ह्ये कुनी केलं गो?"

"मी," मी म्हणाले. "तो मी केलाय."